दह्यातले जिवाणू आतड्यात मुक्कामाला राहतात का?

प्रोबायोटिक दही रोज खाल्लं तर पोटातले जिवाणू बदलतात का, हा प्रश्न मानपुरातल्या माझ्या दवाखान्यात हल्ली फार जण विचारतात. बहुतेकांनी जाहिरात पाहिलेली असते आणि घरात कुणाचं तरी पोट सतत बिघडत असतं. माझं उत्तर असं: आतड्यातली मूळ वस्ती दह्यानं फारशी बदलत नाही. तरीही दही जरूर खावं, फक्त त्याच्याकडून काय मिळतं ते नीट समजून खावं.

अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या गटानं २०११ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तंतोतंत सारख्या जुळ्या बहिणींच्या सात जोड्यांना पाच प्रकारचे जिवाणू असलेलं आंबवलेलं दूध सात आठवडे दिलं आणि शौचाचे नमुने तपासले. मूळ जिवाणूंच्या जाती आणि त्यांचं प्रमाण जवळपास होतं तसंच राहिलं. पण तेच जिवाणू उंदरांना दिले तेव्हा मूळ जिवाणूंच्या कामात फरक दिसला, विशेषतः वनस्पतीजन्य कर्बोदकं फोडण्याच्या कामात. आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ट्रक मानपुरात चहाला थांबतात आणि घाट उतरून निघून जातात, तसे हे जिवाणू. गावात घर बांधत नाहीत, पण त्यांच्या येण्याजाण्यानं गावात उलाढाल होते. दही बंद केलं की काही दिवसांत ते शौचातही सापडेनासे होतात.

एक फायदा मात्र पक्का आहे. दूध प्यायलं की ज्यांना गॅस आणि मुरडा होतो, त्यांना दही बहुधा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली साखर पचवणारं विकर सोबत आणतात. यासाठी ते जिवंत हवेत. कढी उकळली की ते मरतात. कढी खा, पण तिच्याकडून ही अपेक्षा नको.

मग दुकानातला महाग डबा घ्यावा का? आपल्याकडच्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या दिवसभराच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घराघरात वेगळं असतं. तरी निरोगी माणसानं त्यासाठी पदरमोड करावी, असं मला वाटत नाही. घरचं ताजं दही पुरे. गोड प्रोबायोटिक पेयांत साखर असते. मधुमेहींनी वेष्टनावरचा मजकूर वाचल्याशिवाय ती घेऊ नयेत.

मूळ वस्तीची काळजी घ्यायची तर ताटाकडे पाहा. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली मध्य भारत आणि केरळमधल्या ११० निरोगी माणसांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. मुख्यतः शाकाहारी असलेल्या आपल्या भागातल्या लोकांत प्रिव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर होते, आणि त्यांचा संबंध धान्य-डाळींच्या आहाराशी दिसला. ही आपली जुनी वस्ती आहे, आणि मका, ज्वारी, तूर, हरभरा, पालेभाज्या यांतला चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न आहे. तेव्हा दह्याची वाटी मक्याच्या भाकरीशेजारी असावी. मुलांच्या डब्यात मैद्याची बिस्किटं घालून वर प्रोबायोटिकची बाटली देणं मला अजिबात पटत नाही.

जुलाब लागले की पहिलं काम मीठ-साखरेच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं. लहान मुलांना सोबत डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडात मुलांच्या जुलाबांवर प्रोबायोटिकच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींत उपयोग दिसला नाही. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी दही-भात भरवत बसू नका, ताबडतोब दवाखान्यात आणा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं कोणतंही अन्न नको, दह्याचं बोटसुद्धा नको.

अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यायची रीतच पडली आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१८ साली दाखवलं, की अशा वेळी प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळ जिवाणू पूर्ववत व्हायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. प्रयोग लहान होता आणि कॅप्सूलचा होता, दह्याचा नव्हता. पण मनानं कॅप्सूल घेऊ नका, एवढं सांगायला तो मला पुरेसा वाटतो. केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये, कारण अशा शरीरात हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरतात.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर गोळी दही-ताकाबरोबर घेऊ नका. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि दही दोन-तीन तासांनी खा.