ट्रेनिंगच्या यादीत कोण?

चि. बाळास,

परवा फोनवर म्हणालास, क्लाउडवर जायचं ठरल्यापासून दोघांनी राजीनामे दिले, आता बाकीच्यांचा पगार वाढवून घेतो. जरूर वाढव. पण ते दोघे का निघाले, हे त्यांना विचारलंस का?

मी बँकेच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात होते तेव्हाची गोष्ट. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकेवर द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. तोवर महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायचो. तो कोबोलमधला प्रोग्रॅम आमच्या एका सहकारी बाईंनी लिहिलेला. नव्या नियमाप्रमाणे बदलही त्यांनीच केले. त्याच सुमारास कोअर बँकिंगची तयारी सुरू झाली. ट्रेनिंगसाठी मी पाच नवी मुलं निवडली आणि बाईंना म्हटलं, "जुनी सिस्टीम बंद होईपर्यंत तुम्ही बघा." त्या "बरं" म्हणाल्या. महिन्याभरात त्यांचा राजीनामा माझ्या टेबलावर होता.

सप्टेंबरअखेर व्याज लावलं, तर बेरीज जुळेना. रात्री अकरापर्यंत प्रिंटआउट पसरून बसलो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीवर खूण केली. निष्क्रिय खात्यांची फाइल वेगळी होती, ती शेवटी चालवायची. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. चहा देताना त्यांनी एवढंच विचारलं, "यादीत माझं नाव का नव्हतं?" मला उत्तर देता आलं नाही. ते आजही लागून राहिलंय.

म्हणून सांगते, जुनं सांभाळणाऱ्यांना पहिल्याच बॅचला बसव. मायग्रेशन त्यांच्या हाती दे. कुठल्या रकान्यात काय भरून ठेवलंय ते त्यांनाच ठाऊक असतं. शिकायला ऑफिसच्या वेळेतले तास दे. रविवारी घरी शिका म्हणशील, तर लहान मुलं असलेल्या बायका आधी गळतील, मी पाहिलंय. एआयमुळे कुणाचं काम बदलणार असेल, तर ते कॅन्टीनमधून कळायच्या आधी तू सांग. नक्की नसेल तर नक्की नाही म्हण. आणि कटओव्हरच्या रात्री घरी जाऊ नकोस, टीमबरोबर थांब.

त्या दोघांपैकी बिलिंग बघणारी मुलगी अजून नोटीस पीरियडवर आहे ना? सोमवारी तिच्याशी बोल. राजीनाम्याचा विषय आधी काढू नकोस. तिला काय शिकायचं होतं, ते विचार.

तुझी,
आत्या