सुई टोचून घेण्याआधी निदान मागा

सोलापुरात कुणाचेही केस गळायला लागले की पहिला आरोपी बोअरचं पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात बोअरशिवाय भागत नाही, त्यामुळे आरोप करायलाही ते सोयीचं. जड पाण्यानं केस राठ होतात, कंगव्यात तुटतात, हे खरं. पण मुळापासून केस घालवण्याचं काम ते करत नाही. माझे केस मुठीनं यायला लागले तेव्हा शेजारच्या काकूंपासून पार्लरवालीपर्यंत सगळ्यांनी पाण्याकडेच बोट दाखवलं. दोन-तीन महिन्यांपूर्वी मला डेंग्यू होऊन गेला होता, त्याची आठवण कुणी काढली नाही.

केसांचं कोडं इथेच आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, झपाट्यानं उतरवलेलं वजन असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सुटतात. म्हणजे मार आज बसतो आणि वळ तीन महिन्यांनी उठतो. तोपर्यंत घरात नवा शाम्पू आलेला असतो, बिचारा तोच अडकतो. कारण दूर झालं की बहुतेकांचे केस पुढच्या काही महिन्यांत आपोआप भरून येतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, महिन्यांचा हिशेब विसरू नका. सगळा धंदा याच मधल्या महिन्यांत होतो.

मी गेले ते क्लिनिक कोणतं, ते सांगत बसत नाही. एसी, काचेचं टेबल आणि पांढऱ्या कोटातली एक मुलगी. ती काउन्सेलर होती, डॉक्टर नव्हती. कोटावरून ते कळत नाही. तिनं पेनासारखा कॅमेरा माझ्या भांगावर टेकवला आणि टीव्हीभर माझी टाळू दाखवली. एवढी मोठी करून दाखवली तर कुणाचीही टाळू उजाडच दिसते. "मॅडम, आत्ता काही केलं नाहीत तर वर्षभरात भांग शोधायची गरजच उरणार नाही," ती म्हणाली. वाक्य चांगलं होतं, पाठ केलेलं असावं. मग पी.आर.पी.चं पॅकेज, हप्त्यांची सोय, आणि आजच पैसे भरले तर सूट.

पी.आर.पी. म्हणजे आपलंच रक्त. कोपराच्या आतल्या बाजूनं ते काढतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर द्रव राहतो. त्यातला प्लेटलेटनं दाट झालेला भाग सिरिंजमध्ये घेऊन भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरानं टोचत जातात. टाळूवर निभावतं, पण कपाळाच्या कडेला सुई आली की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून एक जण थरथरणारं छोटं यंत्र कपाळाला लावून उभा असतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या तेव्हा घरचे मला पपईच्या पानांचा रस पाजत होते. आता त्याच प्लेटलेट हातातून काढून डोक्यात भरत होते. पण मोठा ताप येऊन गेला का, हे त्या जागेत एकानंही विचारलं नाही. रक्त काढलं, पण तपासलं नाही!

दोन सिटिंगनंतर मामेबहिणीनं मला ओढतच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी गेल्या सहा महिन्यांचं सगळं विचारलं: आजार, औषधं, पाळी, खाणं, आईचे केस कसे होते. मग चिमटीत बटभर केस धरून हलकेच ओढले आणि हातात आलेल्या केसांची मुळं भिंगाखाली बघितली. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड एवढ्या तपासण्या लिहून दिल्या. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेला होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पॅकेज बंद झालं आणि काही महिन्यांत भांगाशी बारीक केसांची लव उभी राहिली. पॅकेज पुरं केलं असतं तर हे केस सुईनं आणले असं मीच चार जणींना सांगत सुटले असते, आणि माझा फोटो त्यांच्या भिंतीवर लागला असता.

पी.आर.पी. थोतांड आहे, असं मला म्हणायचं नाही. आनुवंशिक टक्कल किंवा बायकांचा रुंदावत जाणारा भांग यांत काहींना त्याचा उपयोग होतो. पण ते तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी, त्यामुळे गुणही वेगळा. अशा टकलावर भक्कम पुरावा आहे तो मिनॉक्सिडिलचा. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून त्याचं लोशन झालं आणि १९८८ साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला मंजुरी मिळाली. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानं केस उलट जास्त गळू शकतात. घाबरून अनेक जण नेमकं तिथेच सोडतात. आणि लागू पडल्यावर बंद केलं, तर कमावलेले केस काही महिन्यांत परत जातात. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं. चाई पडली असेल तर तो आजारच वेगळा आणि उपचारही वेगळे.

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. काही लोशनांत मिनॉक्सिडिलबरोबर फिनास्टेराइडही असतं. ते पुरुषांसाठी, गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ द्यायचं असलेल्या बाईनं त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीत त्यानं दोष येऊ शकतो. नवऱ्याची बाटली बायकोनं वापरायची, ही आपल्या घरांतली काटकसर इथे चालत नाही.

२०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत काय झालं, ते आठवत असेल. चार-पाच दिवसांत माणसांची डोकी उघडी पडली. तिथेही आधी पाणी, शाम्पू, बुरशी यांच्यावर संशय गेला. आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी नावाजलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी मात्र लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासला आणि गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढे अनेकांचे केस परत आले. त्या दिवसांत तिथे कुणी पॅकेज विकलं असतं, तर त्याला किती यश मिळालं असतं बघा!

क्लिनिकमध्ये गेलात तर पहिला प्रश्न विचारा: माझी केसगळती कोणत्या प्रकारची? उत्तर डॉक्टरनं द्यावं आणि कागदावर लिहून द्यावं. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. 'खात्रीनं केस उगवतील' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा; औषधानं टक्कल बरं होतं किंवा नवे केस उगवतात असा दावा करायला आपल्या १९४५ च्या औषध नियमांतच मनाई आहे. नेमके पैसे भरायच्या टेबलाशी काही सुचलं नाही, तर 'घरी विचारून सांगते' म्हणा. सोलापुरात खर्चाचीच अडचण असेल, तर सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत जा.

आणि पैसे अडकलेच असतील, तर पावत्या, मेसेज, बाटल्या काही टाकू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.