पाटी पूस, मग लोड दे

इंजिन प्रदूषण चाचणीला न्यायचंय ना, मग आधी त्याची पाटी पुसून वाच. मॉडेल, सिरियल नंबर, किलोवॉट, आरपीएम. त्याखाली वहीत पंपाचा, नोझलचा आणि टर्बोचा पार्ट नंबर लिही. मंजुरी नुसत्या ब्लॉकला मिळत नाही रे, याच पंपासह, याच नोझलसह, याच टायमिंगसह मिळते. बाजारात ‘सेम टू सेम’ नोझल अर्ध्या किमतीत मिळतं आणि चपखल बसतंही. इंजिनही धावेल. पण कागदावर पास झालेलं इंजिन ते नव्हेच.

वसईजवळ सातिवलीच्या गाळ्यात बसून तुला वाटेल, रेल्वे आता विजेवर गेली, डिझेलचं काय राहिलं? २०२२ साली अख्खी कोकण रेल्वेसुद्धा तारेखाली आली, हे खरं. पण वरची तार तुटली तर तिथवर विजेची गाडी पोचणार कशी? त्यासाठी टॉवर वॅगन लागते आणि ती डिझेलवरच चालते. रुळाखालची खडी ठोकणारी मशिनंही डिझेलवर. एलएचबी गाडीच्या टोकाला पॉवर कार असते, तिच्यातले मोठे जनरेटरही डिझेलचे. वसई–दिवा मार्गावर जूचंद्र, कामणकडे एखादं असं मशीन उभं दिसलं तर त्याचा सायलेन्सर बघत जा. काजळी बरंच काही सांगते.

आता नीट ऐक, कारण इथे भलेभले गोंधळतात. कुठल्या कामाचं इंजिन, त्यावर चाचणीचं गणित ठरतं. आयएसओ ८१७८ या मानकात त्याची चक्रं दिली आहेत. जनरेटरचं इंजिन एकाच आरपीएमवर पाच लोडला तपासतात: १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के. पण पाचही लोडना सारखं वजन नसतं. पूर्ण लोडला फक्त ५ टक्के, ७५च्या लोडला २५ टक्के, ५० आणि २५च्या लोडला प्रत्येकी ३० टक्के, १०च्या लोडला १० टक्के. म्हणजे फुल लोडला अगदी स्वच्छ चालणारं इंजिन अर्ध्या लोडला धुरकट असेल, तर ते तिथेच मार खातं. पोरं मात्र फुल लोडलाच ट्यून करत बसतात.

लोकोमोटिव्हचं चक्र याहून वेगळं. पूर्ण शक्तीला २५ टक्के, मधल्या वेगावर अर्ध्या लोडला १५ आणि आयडलला तब्बल ६० टक्के वजन. कारण लोको यार्डात, सिग्नलला, माल भरेपर्यंत नुसता घुरघुरत उभा राहतो. आणि यातली मेख बघ: प्रदूषण मोजतात किलोवॉट-तासाला ग्रॅममध्ये. आयडलला इंजिन धूर सोडतं, पण शक्ती जवळजवळ शून्य. ग्रॅम वर जमा होतात, खाली भागायला किलोवॉट नाहीत. म्हणून आयडलवर गळणारं एखादं नोझल अख्खा हिशोब बिघडवतं. रेल्वेने लोकोत छोटं सहायक इंजिन बसवायला घेतलं, त्यामागेही हीच गोष्ट. थांबलेल्या मोठ्या इंजिनाला तासाला सुमारे २५ लिटर डिझेल लागायचं, छोट्याला ३ लिटर पुरतं.

तेव्हा नोझल बेंचवर चढवलंस की नुसता प्रेशरचा आकडा बघून खूश होऊ नकोस. फवारा बघ. सगळ्या भोकांतून धुक्यासारखा बारीक यायला हवा. दाब सोडल्यावर टोकाला थेंब लोंबला, तर नोझल बाजूला ठेव. टिशूने थेंब पुसून पुन्हा बसवायचा चलाखपणा नको.

धुराचा रंग तर तुला शिकवायला नको. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा पाणी शिरलंय. पण स्मोक मीटरला जे दिसतं तेवढंच प्रदूषण नव्हे. टायमिंग मागे घेतलंस तर नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त खातं. पुढे घेतलंस तर उलटं. पंपाचा रॅक दाबून धूर लपवशील, तर पॉवर पडेल आणि ती डायनोवर मोजतातच.

जमिनीवरच्या जनरेटरला १ जुलै २०२३ पासून जो नवा नियम आला, त्याने ही टायमिंगची कसरत निकामीच केली. ५६ ते ५६० किलोवॉटला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.४० ग्रॅम, काजळीची ०.०२. आधी ७५ किलोवॉटच्या वर नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून ४ ग्रॅम चालायचे. आता धुराड्यातच युरियाची प्रक्रिया करावी लागते. माझ्या मते हे बरंच झालं, निदान पेचकस घेऊन पास करायचे दिवस तरी संपले.

हवेचं विसरू नकोस. दमट हवेत नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात, म्हणून चाचणीत आकडा कोरड्या हवेच्या किलोमागे १०.७१ ग्रॅम बाष्प धरून दुरुस्त करतात. आपल्याकडे जुलैत हवेत याहून कितीतरी जास्त पाणी असतं. तेव्हा इथे पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग पुण्याच्या एआरएआय या चाचणी संस्थेतल्या आकड्याशी थेट ताडून भांडू नकोस. दोन्हीकडची आर्द्रता आणि तापमान लिहून ठेव.

निघताना एअर फिल्टर नवा घाल, पण जुना फेकू नकोस, तो पिशवीत घालून सोबत ने. टाकीतल्या डिझेलचा नमुना बाटलीत भरून तारीख घाल. पंपाच्या सीलचा फोटो काढ, नंबर दिसेल असा. आणि तिथे कुणी विचारलं, नोझल कुठून घेतलं, तर बिल पुढे कर.