धनको समितीत पुरवठादाराला मत नसतं

भोसरीत आमचं शीटमेटलचं छोटं युनिट आहे. आमची एक जुनी ग्राहक कंपनी दिवाळखोरीपायी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात (एनसीएलटीत) गेली, तेव्हा आम्हा पुरवठादारांना वाटलं, धनको समितीपुढे गाऱ्हाणं मांडू. पण त्या समितीत आम्हाला जागाच नव्हती.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार समितीत बसतात बँका आणि पैसे कर्जाऊ देणारे. सगळ्या पुरवठादारांची मिळून थकबाकी एकूण कर्जाच्या निदान १० टक्के असेल, तर आपला प्रतिनिधी बैठकीला बसतो, पण मत देऊ शकत नाही. कंपनी कुणाला द्यायची, कुणाच्या पदरात किती टाकायचं, हे समिती ६६ टक्के मतांनी ठरवते. तिच्या व्यावसायिक निर्णयात न्यायाधिकरणाने शिरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने एस्सार स्टील प्रकरणात २०१९ साली स्पष्ट केलं. कंपनी मोडीत निघाली असती तर जेवढं मिळालं असतं, तेवढं तरी पुरवठादाराला द्यावंच लागतं. पण त्या रांगेत कामगार आणि तारण असलेल्या बँका पुढे, आपण जवळजवळ शेवटी. आमच्या हाती अगदी किरकोळ रक्कम आली. घामाच्या मालाला मत नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

म्हणून सांगतो, जाहीर सूचना दिसताच मुदतीत दाव्याचा 'फॉर्म बी' भरा. कंपनी सावरण्याची योजना मंजूर झाल्यावर तिच्यात नसलेला दावा संपतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केलंय.

तुमच्या डाय त्यांच्या कारखान्यात असतील तर त्या तुमच्याच आहेत. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. मात्र डाय पाठवल्याचं सही-शिक्क्याचं चलन हवं. आमच्या डाय चलनामुळेच परत आल्या.

प्रक्रिया सुरू झाल्यावर माल मागितला, तर कंपनीचा कारभार हाती घेतलेल्या समाधान व्यावसायिकाच्या सहीची नवी ऑर्डर घ्या. तो पैसा प्रक्रियेचा खर्च ठरतो आणि सगळ्यांच्या आधी चुकता होतो.

आणि नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योग असाल, तर माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस उलटताच थकबाकीसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करा. बँक दराच्या तिप्पट व्याजाचा हक्क आहे. एनसीएलटीने स्थगिती लावली की वसुलीचे सगळे दावे जागच्या जागी थांबतात, परिषदेपुढचासुद्धा. वसुली व्हायची ती त्याआधीच.