उकिरड्यातला विस्तव

मंडळी, आपल्या घरातून रोज काय काय बाहेर पडते ते आठवून पाहा. गोठ्यातले शेण, भाजीची देठे, साली, शिळा भात, नासके फळ. पुष्कळसे उकिरड्यावर जाते. शेणाच्या मात्र आपण गोवऱ्या थापतो आणि चुलीत घालतो.

गोवरी जळते, भाकरी होते, हे खरे. पण शेतातले खत जळून जाते, हेही खरे. शेणात नत्र असतो. तो पिकाला पोसतो. गोवरी पेटली की बहुतेक सारा नत्र धुरावाटे निघून जातो. मागे उरते राख. आणि तो धूर कोठे जातो? चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. मांडीवर मूल असेल तर त्याच्याही छातीत.

भाकरीही व्हावी आणि खतही राहावे, अशी काही सोय आहे का? आहे. तिला गोबर गॅस म्हणतात.

यात काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते गाईच्या पोटात असतात आणि शेणाबरोबर बाहेर येतात. त्यांना हवा सोसत नाही. शेण पाण्यात कालवून बंद खड्ड्यात कोंडले, की हे जंतू ते कुजवू लागतात. त्यातून वायू निघतो. त्यात निम्म्याहून जास्त भाग मिथेन असतो, आणि मिथेन जळतो. नळीने तो स्वयंपाकघरात आणायचा आणि शेगडी पेटवायची. निळी ज्योत लागते. भांडे काळे होत नाही.

ही युक्ती आजची नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढला होता. पुढे १९६० नंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने गोबर गॅस खेडोपाडी नेला.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, शेण किती लागेल? चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरचे यंत्र पुरते. त्याला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण हवे आणि तेवढेच पाणी. म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. ज्याच्या दारी दोनच शेळ्या, त्याला हे जमणार नाही. जमेल असे मी सांगणारही नाही.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारे लहान यंत्र केले. त्याला २००६ साली इंग्लंडात ॲश्डेन पारितोषिक मिळाले. यातली गोम सोपी आहे. शेणातला कस गाईने आधीच काढून घेतलेला असतो. शिळ्या भातात तो शाबूत असतो. म्हणून किलोला किलो धरले, तर भातातून वायू कितीतरी जास्त मिळतो. सुरुवातीला जंतूंचे विरजण म्हणून शेणकाला घालावा लागतो, एवढेच.

पण या यंत्राचे पोट नाजूक, बरे का! लग्नातले उरलेले जेवण एकदम ओतले तर आतले सारे आंबते आणि शेगडी विझते. तसे झाले तर काही दिवस त्याला उपाशी ठेवा, थोडा शेणकाला पाजा. साबणाचे किंवा फिनेलचे पाणी कधीही घालू नका, जंतू मरतात. प्लास्टिक, करवंट्या, हाडे आत कुजत नाहीत.

गावोगाव बंद पडलेली यंत्रे दिसतात. कोणी अनुदान आहे म्हणून बांधले, मग जनावरे विकली. कोठे टाकी गंजली आणि दुरुस्तीला माणूस मिळाला नाही. यंत्र म्हणजे दावणीचे जनावरच. त्याला रोज घास हवा. तेव्हा बांधण्याआधी घरात एक ठरवा : शेण कोण कालवणार आणि पाणी कोण आणणार? हे सारे बाईच्याच माथी मारायचे असेल, तर तिचा धूर गेला आणि हंडा वाढला, एवढेच होईल.

आणखी एक सांगतो, ते नीट ध्यानात ठेवा. यंत्राच्या खड्ड्यात, तो रिकामा दिसला तरी, कोणीही उतरू नये. आतल्या वायूने माणूस गुदमरून मरतो. नळीजवळ कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर काडी ओढू नका. साबणाचा फेस लावा. जेथे बुडबुडे येतील, तेथे गळती आहे.

पुढे काय होणार, ते इंदूरला पाहावे. तेथे २०२२ साली मोठा कारखाना सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची ताकद आहे. त्या वायूवर शहराच्या बसगाड्या धावतात. हे साधले, कारण घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवतात. आपल्याकडे आश्रमशाळा, वसतिगृह, आठवड्याचा बाजार, अशा ठिकाणी खरकटे आणि सडकी भाजी ढिगाने निघते. तेथे सर्वांनी मिळून एक यंत्र चालवता येईल.

थंडीत जंतू मंदावतात, वायू कमी निघतो. शेण कोमट पाण्यात कालवले तर थोडा फरक पडतो. यंत्रातून बाहेर पडते ती रबडी. तिला शेणाची घाण येत नाही, माश्याही फारशा बसत नाहीत. ती पाटाच्या पाण्याबरोबर शेतात सोडावी. पाट लांब असेल तर खड्ड्यात पाचोळ्याचा थर द्यावा, त्यावर रबडी ओतावी, पुन्हा पाचोळा घालावा. असे खत डोक्यावरून पाटीतही नेता येते.