वृत्तकक्ष सोडून वर्गाकडे वळणाऱ्यांस

वृत्तवाहिनीतील नोकरी सोडून पत्रकारितेच्या अध्यापनाकडे वळू इच्छिणारे जे स्नेही मजकडे सल्ला विचारावयास येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या मनात अध्यापन म्हणजे एक प्रकारचा विसावा अशी समजूत घर करून बसलेली असते. आणि ती दूर केल्यावाचून पुढचे काहीही सांगणे व्यर्थ होय, असे माझे मत झाले आहे. पहाटेच्या बुलेटिनसाठी ज्याने वर्षानुवर्षे मध्यरात्रीपासून डेस्कवर बैठक मारली, रनडाऊन ऐन वेळी बदलला म्हणून ज्याला लिहिलेले सारे पुसून नव्याने लिहावे लागले, आणि बाइट आला नाही म्हणून फोनोवर वेळ मारून नेण्याची ज्याला सवय जडली, त्याला सकाळी दहाची हजेरी आणि उन्हाळ्याची सुटी या स्वर्गवत भासाव्यात, यात नवल नाही. मीही मुंबईतली वाहिनीची नोकरी सोडून सोनईस, म्हणजे माझ्या गावी, परतलो आणि जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवू लागलो, तेव्हा येथे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

वस्तुतः संपादक आणि शिक्षक ही मराठीत मुळापासून एकाच घराण्यातली माणसे. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. टिळक-आगरकरांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवता शिकवताच 1881 मध्ये ‘केसरी’ हाती घेतला. आणि ‘सुधारक’ चालविणारे आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळीत असतानाच निवर्तले. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या काळातही ही परंपरा तुटली नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याच्या मराठी बातम्यांचे पहिले निवेदक म्हणून ज्यांचा चेहरा घरोघरी पोचला, ते डॉ. विश्वास मेहेंदळे पुढे पुण्यातील सिम्बायोसिसच्या जनसंज्ञापन संस्थेचे संचालक झाले आणि निवेदकाचा त्यांचा अनुभव विद्यार्थ्यांच्या कामी आला. तथापि दोन धंद्यांचे असे सख्य असले, तरी एकाच्या खात्यावरची शिल्लक दुसऱ्याच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. ही गोष्ट प्रथम दप्तराच्या बाबतीत कळते आणि मागाहून वर्गाच्या.

दप्तराची बाजू आधी सांगतो, कारण पोटाचा प्रश्न तेथे आहे. विद्यापीठीय व्यवस्थेला तुम्ही किती दंगली, किती निवडणुका, किती महापूर पाहिले याच्याशी कर्तव्य नसते. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण आणि त्याखेरीज सामान्यतः नेट किंवा सेट हे दाखले लागतात. राखीव प्रवर्गांस गुणांत सवलत आहे. नेटमध्ये जनसंज्ञापन आणि पत्रकारिता हा स्वतंत्र विषय असून महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. हे दाखले नसले, तर वाहिनीवर नावाजलेला माणूसही महाविद्यालयाच्या आस्थापना-विभागात अपात्र उमेदवार ठरतो, आणि त्यात अन्याय झाला असे मानण्याचे कारण नाही; कारण ज्याने परीक्षा दिली त्याने निदान त्या विषयातील सिद्धान्तग्रंथ तरी चाळलेले असतात, आणि आपल्यातले पुष्कळजण त्या ग्रंथांच्या वाटेलाही गेलेले नसतात.

पात्रता असली तरी पद असतेच असे नाही, हा त्यापुढचा धडा. मला ज्या संस्थेने बोलावले, तिच्या चालकांनी चहाच्या पेल्यावर ‘तूर्त तासिका तत्त्वावर या, पुढच्या जूनला जागा पक्की करून घेऊ’ असे मोठ्या आपुलकीने सांगितले; त्या आपुलकीत खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही, परंतु पुढचा जून आला, त्याच्या पुढचाही आला, आणि जाहिरात काही निघाली नाही. तुकडी विनाअनुदानित होती, मानधनाची देयके कारकुनाच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहात, आणि सुटीत तासिका नसल्यामुळे सुटीचे मानधनही नसे. ज्या उन्हाळी सुटीच्या ओढीने माणूस इकडे येतो, ती बिनपगारी असते, हे आधी कोणी सांगत नाही. तेव्हा रुजू होण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर पाहिल्यावाचून राजीनामा देऊ नये: पद शासनमान्य आहे की केवळ संस्थेच्या मर्जीवरचे, तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, बिंदुनामावलीप्रमाणे ती जागा कोणत्या प्रवर्गास आहे, त्या विषयाचा कार्यभार पूर्ण पदाइतका भरतो की नाही, आणि नेमणुकीस विद्यापीठाची मान्यता मिळणार की नाही. या पाचांपैकी एकाचेही उत्तर ‘बघू, होईल’ असे आले, तर ते उत्तर नकारार्थी समजून पुढचा हिशेब मांडावा.

ज्यांचे वय पुढे गेले आहे आणि परीक्षेला बसण्याची उमेद उरलेली नाही, त्यांच्यासाठी एक वाट अलीकडे खुली झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने एक तरतूद केली. आपल्या क्षेत्रात निदान 15 वर्षे वरिष्ठ पातळीवर काम केलेल्या नामांकित व्यक्तीस पदव्यांची अट न घालता नेमता येते, मात्र अशा नेमणुका मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत आणि एका व्यक्तीची एकूण मुदत चार वर्षांहून अधिक असू नये असे बंधन आहे. मुदत संपली की हुद्दा संपला. म्हणून ज्याला उर्वरित आयुष्याची सोय हवी त्याने या वाटेवर विसंबू नये, आणि ज्याला काही काळ शिकवून पुन्हा लेखनाकडे किंवा पडद्याकडे परतायचे आहे त्याने ती अवश्य चोखाळावी.

आता वर्गाची बाजू. वृत्तकक्षातून आलेल्या माणसाजवळ किश्श्यांचे भांडार असते आणि पहिले काही आठवडे त्या भांडारावर वर्ग उत्तम चालतो. मंत्री बाइट देता देता कसे उठून गेले, ओबी व्हॅन चिखलात कशी रुतली, लाइव्ह चालू असताना कानातला आवाज कसा बंद पडला, हे सारे मुले टाळ्या वाजवून ऐकतात. परंतु किस्सा ऐकून कोणाला बातमी लिहिता आल्याचे ऐकिवात नाही. याचा प्रत्यय मला घोडेगावच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वहीने आणून दिला. कांद्याच्या बाजारावर रेडिओसाठी एक काल्पनिक बातमी लिहा, असा पाठ मी दिला होता, आणि तिने लिहिले होते: ‘घोडेगाव उपबाजारात आज झालेल्या लिलावात आवक वाढल्यामुळे भाव कोसळल्याने संतप्त झालेल्या शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडून रस्त्यावर ठिय्या दिला.’ डेस्कवर करीत असे त्याच सवयीने मी तिच्या वाक्यावर काट मारली आणि खाली लिहिले: ‘घोडेगावात आज कांद्याचे लिलाव बंद पडले. आवक वाढली आणि भाव एकदम उतरले. चिडलेल्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर ठिय्या दिला.’ वही परत घेताना ती म्हणाली, “सर, तुमचं ऐकायला बरं वाटतंय, पण लिलाव बंद पडले हे तुम्ही आधी का घेतलं, ते सांगा ना.”

डेस्कवर असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तेथे उत्तर ऐकावयास कोणापाशी वेळ नसतो. हात चालतो आणि बातमी पुढे जाते. वर्गात मात्र तो ‘का’ हाच सारा अभ्यासक्रम असतो. मी फळ्यावर तिची आणि माझी अशी दोन्ही वाक्ये लिहिली आणि सांगू लागलो, की वाचकाची नजर मागच्या ओळीवर परत जाऊ शकते, श्रोत्याच्या कानाला ती सोय नाही. की मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘झालेल्या, वाढल्यामुळे, कोसळल्याने, झालेल्या’ अशी विशेषणांची आणि कारणांची आगगाडी जोडीत गेले तर नेमके काय घडले हे कळेपर्यंत ऐकणाराचा श्वास अडकून राहतो. की गावाचे नाव पहिल्याने आले म्हणजे त्या गावचा माणूस हातातले काम थांबवून कान देतो. आणि की परिणाम आधी सांगून कारण मागून दिले, तर बातमी मध्येच कापावी लागली तरी तिचा गाभा वाचतो. माझी ही लांबच लांब वाक्ये वाचून एखादा चोखंदळ वाचक हसेल. त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की हा मजकूर डोळ्यांसाठी लिहिला आहे, कानांसाठी नाही.

त्या दिवसापासून मी किस्से बंद केले नाहीत, पण प्रत्येक किश्श्यामागे एक कृती असली पाहिजे असा दंडक घालून घेतला. ओबी व्हॅनची गोष्ट सांगितली, की तिच्यामागून लाइव्ह तुटल्यास निवेदकाने काय बोलावे याचा सराव. मंत्र्याची गोष्ट सांगितली, की पहिला प्रश्न कोणता आणि अडचणीचा प्रश्न केव्हा, याचा सराव. शिकविणे म्हणजे आपण जे अंगवळणी पडून करतो ते सुटे करून दाखविणे, एवढाच माझ्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. उरलेले सारे त्याच्या अनुषंगाने येते.

खेड्यात शिकविणाराला आणखी एक लाभ होतो, ज्याची कल्पना मुंबईत बसून येत नाही. वाहिनीला सातत्य परवडत नाही, वर्गाला ते परवडते. 1 जानेवारी 2013 रोजी सोनईच्या परिसरात तीन दलित तरुणांचा निर्घृण खून झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. खटला पुढे नाशिकच्या न्यायालयात चालला आणि जानेवारी 2018 मध्ये सत्र न्यायालयाने सहा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. या पाच वर्षांची तारीखवार नोंद जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींवरून विद्यार्थ्यांकडून करवून घेतली, तर गुन्हा कसा लिहावा यापेक्षा खटल्याचा माग कसा ठेवावा हे त्यांना उमगते. तीच गोष्ट येथून जवळच असलेल्या शनिशिंगणापूरची. 2016 च्या जानेवारीत महिलांच्या चौथराप्रवेशासाठी निघालेला मोर्चा पोलिसांनी सुपे येथे अडविला, 1 एप्रिलला उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि गुढीपाडव्याच्या दिवशी, 8 एप्रिलला, देवस्थानाने चौथरा सर्वांस खुला केला. पडद्यावर त्या काळी जो कल्लोळ झाला त्यात श्रद्धा विरुद्ध समता एवढाच झगडा दिसला. परंतु सार्वजनिक देवालयांत प्रवेशाचा हक्क देणारा राज्याचा कायदा 1956 पासून अस्तित्वात होता आणि न्यायालयाने त्याच्याच अंमलबजावणीकडे शासनाचे लक्ष वेधले, ही गोष्ट वर्गात कायद्याचा मसुदा समोर ठेवूनच शिकविता येते.

गावच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी असते. ज्याच्याविषयी बातमी लिहायची त्याच्याच घरच्या लग्नाला पुढच्या आठवड्यात जेवायला जायचे असते; मामा बाजार समितीत, चुलते सोसायटीत, आणि गल्लीतले सगळे ओळखीचे. अशा वेळी मी त्यांना तरवडीची गोष्ट सांगतो. आमच्या नेवासे तालुक्यातल्या त्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालविला. 1910 मध्ये निघालेले हे सत्यशोधकी साप्ताहिक 1967 पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरीपर्यंत, चालले. खेड्यात राहून खेड्यातल्याच सत्तेला प्रश्न विचारता येतात याचा याहून सबळ दाखला पुण्यामुंबईच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शिकून काय होणार, असे कोणी म्हणाले तर नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले आणि त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सांगावे.

तेव्हा निघणाऱ्यांस माझी विनंती अशी. परीक्षा नोकरीत असतानाच द्यावी, कारण राजीनाम्यानंतर अभ्यासापेक्षा चिंताच अधिक होते. एखादे सत्र पाहुणा अध्यापक म्हणून शिकवून पाहावे. चित्रफिती वाहिनीच्या मालकीच्या असतात, त्या मागू नयेत. परंतु आपल्या हातची टिपणे आणि प्रश्नांच्या वह्या जपून ठेवाव्यात, त्याच पुढे पाठ्यसामग्री होतात. दोन सुट्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा. आणि राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्याच जुन्या बातम्यांपैकी एक घेऊन या धंद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसासमोर बसावे, आणि ती बातमी तशीच का लिहिली, दुसऱ्या रीतीने का लिहिली नाही, हे त्याला पटेपर्यंत समजावून सांगावे. तो पटल्याचे सांगून उठला, तर खुशाल अर्ज करावा; आणि सांगता सांगता आपलीच वाचा अडखळली, तर आणखी एक वर्ष डेस्कवर काढून आपल्या हाताला काय ठाऊक आहे ते शब्दांत मांडून ठेवावे. या वर्षाचा तोटा होत नाही. पुढे वर्गात पहिल्या तासापासून ते कामास येते.