‘काळू’ : लाडाचे नाव की उणेपणाची खूण?

वर्णावरून हाक मारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘काळ्या’, ‘काळू’ ही नावे घरात लाडाने आणि मैदानावर सहजपणे उच्चारली जातात. ‘आम्ही मित्रच आहोत, त्याला काही वाटत नाही,’ हे त्याचे नेहमीचे समर्थन. बालरोगतज्ज्ञ या नात्याने या समर्थनाचा थोडा विचार येथे मांडत आहे.

एक उदाहरण आपल्या हैदराबादशी निगडित आहे. वेस्ट इंडीजला २०१२ व २०१६ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी हा सनरायझर्स हैदराबाद संघाकडूनही खेळला. तेथे त्याला ‘काळू’ म्हणत. या शब्दाचा अर्थ ‘बलवान घोडा’ असा असावा, अशी त्याची समजूत होती. सहकारी हसत, तेव्हा ही गमतीचीच गोष्ट असावी असे त्याला वाटे. जून २०२० मध्ये खरा अर्थ समजल्यावर त्याने जाहीर संताप व्यक्त केला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर, शब्दामागे प्रेमच होते हे त्याने मान्य केले.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. ऐकणारा दुखावलेला दिसला नाही, म्हणजे त्याची संमती असते असे नव्हे. दुसरे, हेतू निर्मळ असला तरी शब्दाचा भार ऐकणाऱ्यालाच वाहावा लागतो. सॅमी प्रौढ व यशस्वी होता. तो जाब विचारू शकला. सात वर्षांच्या मुलाला ते शक्य नसते. आपल्याला खेळातून वगळतील या भीतीने तेही सर्वांबरोबर हसते.

मुलांना हा भेद फार लवकर कळतो. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर केवळ रंगाने भिन्न अशा बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. स्वतःसारखी बाहुली दाखवण्याची वेळ येताच काही मुलांना रडू कोसळले. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कार्याचा आधार घेतला.

शरीरशास्त्र मात्र या उच्चनीचतेला आधार देत नाही. गोऱ्या व काळ्या त्वचेतील रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी तयार करीत असलेल्या मेलॅनिनच्या प्रमाणात, प्रकारात आणि वाटणीत. हेच मेलॅनिन अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते.

आपण काय करावे?

१. नवजात बालक पाहताना त्याच्या रंगावर अभिप्राय देऊ नये. पालकांनी विचारल्यास, रंग पहिल्या काही महिन्यांत बदलतो आणि त्याचा आरोग्याशी संबंध नाही, एवढेच सांगावे.

२. गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे वापरू देऊ नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते.

३. शाळेत जायला नकार, आरशासमोर घासघासून तोंड धुणे, पावडरचा अट्टहास दिसल्यास मुलाला एकांतात विचारावे, ‘तुला मित्र काय म्हणून हाक मारतात?’

४. चिडवणाऱ्या मुलाला केवळ रागावू नये. शब्दाचा अर्थ समजावून सांगावा.

मैत्रीत थट्टा असावीच. परंतु ज्या नावाने हाक मारायची, ते नाव निवडण्याचा पहिला अधिकार हाकेला ‘ओ’ देणाऱ्याचा असतो.